एक मिनिट, घर

फ्रिज बंद कर, म्हणालीस.
मी केला. पंखाही.
दौलतगंजातली रात्र, पावणेबारा,
उद्या साडेदहाला निकाल,
आणि तू दिवाणावर मांडी घालून
तो केसाळ माईक पुढे धरून
डोळे मिटून बसलेली.

प्रत्येक जागेची शांतता निराळी, हे तुझंच म्हणणं.
मुलाखत संपली की सांगायचीस,
अब एक मिनट कोई कुछ नहीं बोलेगा,
आणि खाणीतले ते पाथरवट
फोटोला उभे राहावेत तसे
ताठ, गप्प.
खोकला तेवढा त्यांचं ऐकायचा नाही.

तोच तू कापला नाहीस.
मागच्या खोलीत, भिंतीला दुलई ठोकून केलेलं
तुझं रेडिओ, ना सरकारचं ना शेटजींचं,
त्यावरच्या चौदा मिनिटांच्या बातमीत
नऊ वेळा. मी मोजलाय.
खाणमालकाचा वकील म्हणाला, भडकाऊ.
यात शब्दच नाहीत साहेब, तू म्हणालीस.
तेच, तो म्हणाला, तेच तर.

कोर्टात वाजवलं तेव्हा स्पीकर फाटका.
टंकलेखकाने मान वर न करता विचारलं,
इसको क्या लिखूँ?
न्यायाधीशांनी पाण्याचा ग्लास जरा सरकवला.
शेवटी कागदावर गेलं, अस्पष्ट ध्वनि.
लच्छू आदिवासी जाऊन तेव्हा
आठ दिवस झाले होते.

बॅग भरून दाराशी आहे.
दोन सुती कुर्ते, बीपीच्या गोळ्या,
आईने दिलेली शेवेची पुडी, जी आत जाऊ देणार नाहीत.
हेडफोन तू माझ्या उशाशी ठेवलेस.
वायर गुंडाळायची तुझी ती पद्धत, आठाच्या आकड्यात,
मला अजून जमत नाही.
आत कशी असेल गं, मी विचारलं.
शांतता? म्हणालीस. सांगेन.

आता तू झोपलीयेस. मी ऐकतोय.
किल्ल्याखालून जाणारी मालगाडी, डबे मोजता येतील इतकी सावकाश.
न्हाणीघरातला नळ.
खालच्या शिंप्याचं कुत्रं अंग झाडतं, पट्ट्याचा घुंगरू.
बत्तिसाव्या सेकंदाला कुणीतरी आवंढा गिळतं.
पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मीच तो.
तू कापला नाहीस.

फ्रिज मात्र लावायचा राहिला.
दूध नासलं असणार.