मुद्देमाल नाश

टेम्पोत त्रेचाळीस नग, दोन पंच,
मी, आणि आर्मरर मुज्तबासाहेब,
निवृत्तीला साडेतीन महिने राहिलेले.
कोर्टाचा हुकूम माझ्या पिशवीत, डब्याखाली,
कोपऱ्याला भेंडीचं तेल लागलेलं.

जालन्याचं हे एक बरं.
लोखंडाला न्यायला लांब जावं लागत नाही,
वसाहतीत भट्ट्या रात्रंदिवस चालूच.
बाजेची चौकट येते, एसटीचा पत्रा येतो,
आज आम्ही आलो.

कट्टेच जास्त.
पाण्याच्या पाइपची नळी, कुठल्याशा कुलपाची स्प्रिंग.
मुज्तबासाहेब त्यांना हात लावत नाहीत.
"ये क्या है बाई, नळदुरुस्ती."

पण सत्तावीस नंबरला थांबले.
सहा घरांचं रिव्हॉल्व्हर, नळीवर परदेशातल्या गावाचं नाव,
आकडा मुठीच्या तळाला.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी चक्री फिरवली
आणि कानाशी धरून ऐकली,
दळणवाला जातं ऐकतो तशी.
"ही जात साठ लाख बनली, बाई.
शंभर-सव्वाशे वर्षं बनतेच आहे."

पंचनाम्याच्या कोऱ्या कडेला मी हिशोब मांडला.
आपला जिल्हा वीस लाखांचा.
म्हणजे तीन जालने,
पाळण्यातल्या लेकरासकट माणशी एक.

"और वो," त्यांनी हनुवटीनं
साहेबांच्या बॉडीगार्डची कंबर दाखवली,
"प्लास्टिकवाला. वो दो करोड के ऊपर गया."
दोन कोटी.
मी पेन ठेवलं. आठही जिल्हे झाले,
किनवटपासून उमरग्यापर्यंत.
पंच झंवर, फरसाणवाले, म्हणाले,
"एवढ्या तर आपल्याकडं सायकली नसतील."
कुणी हसलं नाही.
बॉडीगार्डनं शर्ट खाली ओढला.

लेबल सोडायचं काम माझं.
दोरा कुजलेला, शाई उडालेली, तरी लागलं वाचायला:
कलम तीनशे दोन.
मयत सुभान पिराजी खंदारे, वय बावीस.
सोबत रिकामी पुंगळी, एक.
साठ लाखांतलं हे एक
आणि तेही एकदाच वाजलेलं,
मग एकवीस वर्षं कपाटात.

खंडेनवमीला शस्त्रागारात झेंडू असतो, नारळ असतो,
रायफलींना हळदकुंकू.
मुद्देमालाला कुणी काही वाहत नाही.
एका वर्षी उरलेलं कुंकू बोटाला होतं,
मी कपाट उघडलं,
आणि तसंच लावून घेतलं.
बोट पदराला पुसलं.

भट्टीला लाकूड चालत नाही म्हणून
मुठीचे स्क्रू साहेबांनी स्वतः काढले.
अक्रोडाच्या दोन फळ्या, तळहाताएवढ्या,
घामानं काळ्या झालेल्या.
कुणाच्या घामानं, ते लेबलावर नव्हतं.

मग घमेलं उलटं झालं.
आवाज होईल म्हणून मी डोळे मिटले होते.
झाला नाही.
दूध उतू जाताना होतं तेवढंच काहीतरी,
आणि घनश्यामनं लांब दांड्यानं
वरचा मळ ओढून घेतला.
काट्याची पावती: एकतीस किलो चारशे ग्रॅम.
"परवापर्यंत सळई होईल," तो म्हणाला,
"कुणाच्या तरी स्लॅबला."
मुज्तबासाहेब बाहेर जाऊन पाणी प्यायले.
बराच वेळ प्यायले.

लाकडाचा पंचनाम्यात उल्लेख नव्हता.
त्यातली एक फळी त्यांनी खिशात टाकली,
एक माझ्याकडं राहिली.
मालखान्यातलं टेबल लंगडं होतं, माझ्याही आधीपासून,
डाव्या पायाखाली ती बरोबर बसली.

सोमवारी नवीन जप्ती आली.
तीच जात. त्याच गावाचं नाव नळीवर.
लेबल बांधलं, गाठ दोनदा मारली,
नंबर टिपून घेतला.
टेबल जराही हललं नाही.
मी उगीच दाबून बघितलं.