सत्याप्पाची उधारी

आधी आतड्याची तार होती, ती उंदरानं खाल्ली.
"त्यालाबी गळा पाहिजे असंल,"
म्हणाला सत्याप्पा, आणि बसगोंडाच्या सायकल दुकानातून
ब्रेकची वायर आणली. दोन रुपये. उधार.
पायरीवर बसून तिचा पीळ उकलला,
त्यातला एकच धागा चौंडक्याला लावला.
बाकीच्यांत बायकोनं कपडे वाळत घातले.

दिवसभर निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायचा.
संध्याकाळी आधी खोकायचा, मग गायचा.
खोकला कुठं संपतो, गाणं कुठं लागतं,
शेजारी असून आम्हाला कधी कळलं नाही.

सुरुवात देवीची,
खरं दुसऱ्या कडव्यात मुकादम यायचा,
काट्यावर मारलेलं अर्धा किलो,
शिवक्का, जी गोकाकच्या एका जॉबरबरोबर गेली
आणि तिचं लुगडं तेवढं पोस्टानं परत आलं.

एक ओळ मराठीत: वाट सरंना गं माय.
तीच पुन्हा कानडीत: दारी मुगीवल्दु यव्वा.
दुसऱ्यांदा जरा जास्त लागायची.
तिसरी ओळ तो म्हणायचाच नाही.
डावी मूठ आवळायचा, तार रडत वर चढायची,
मग सोडून द्यायचा.

बेळगावहून टेप घेऊन एक साहेब आले.
चहा झाला, फोटो झाला.
"भाषा कुठली लिहू? रकाना एकच आहे."
सत्याप्पानं कानामागची बिडी काढली,
पेटवली नाही, पुन्हा कानामागं ठेवली.
"तिसरी ओळ ऐकली न्हवं? ती लिवा."
साहेबांनी काय लिहिलं, देव जाणे.
फोटो काही आला नाही.

पोरगा लग्नाच्या बँडात कीबोर्ड वाजवतो.
बरा वाजवतो. चिकोडी, हुक्केरीपर्यंत सुपाऱ्या असतात.
बापाच्या तेराव्याला त्यानं चौंडकं खाली काढलं,
दोनदा छेडलं,
म्हणाला, "हे कुठल्या पट्टीत बसतंय तेच कळेना,"
आणि परत खुंटीला लावलं.

मी बसगोंडाकडं दोन रुपये द्यायला गेलो.
त्यानं वही काढली, पानं थुंकी लावून उलटली,
एका ओळीवर बोट ठेवलं
आणि नोट माझ्याकडं सरकवली.
"ऱ्हाऊ दे की. वहीत हाय तवर येणं-जाणं हाय."

वही सगळी कानडीत.
मला वाचता येत नाही,
खरं ती ओळ येते.