पाठ

चाळीस वर्षं मी तिच्या मागं बसतोय.
एव्हरिल ब्लँचर्ड, ग्रिम्सबी, लीड गिटार.
तोंड लोकांकडं, पाठ माझ्या ड्रम्सकडं.
मला तिची पाठ पाठ आहे:
सोलो यायच्या आधी डावा खांदा बोटभर वर चढतो,
सूर हुकला की मान ताठ होते,
आणि नवऱ्याला पुरलं त्या शनिवारी
ब्लाउजचं मागचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं.
रोज कोण लावून देत होतं, ते तेव्हा कळलं.

बाकीचं ऐकीव.
रात्री दोनला लाउथहून परतताना,
व्हॅनचा हीटर बंद, मांडीवर केबलींची वेटोळी,
तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं.

आई स्मोकहाउसात, हॅडक धुरावर टांगायची.
एक भाडेकरू खलाशी तीन आठवड्यांचं भाडं बुडवून पळाला,
मागं राहिली गिटार. पाच तारांची.
"विकून चार शिलिंगसुद्धा येईनात,
म्हणून मला शिकवायचं ठरलं."

शिकवणारा ऑझगर्बी,
जहाजावरचा जुना वायरलेसवाला,
जाळी दुरुस्त करायच्या दुकानावर माडीत राहायचा.
दर बुधवारी. फी दोन हॅडक, वर्तमानपत्रात गुंडाळून.
कान जवळजवळ गेलेले.
तिला वाजवायला बसवायचा, वाकायचा,
आणि गिटारच्या काठाला दात लावून ऐकायचा.
नऊ वर्षांच्या पोरीला हसू आवरेना.
तो दात न उचलताच, लाकडातून म्हणायचा,
"तिसरी तार. खोटं बोलतेय. पुन्हा."

त्या खुणा काठावर अजून आहेत.
वार्निशवाल्याला ती तेवढ्या जागी हात लावू देत नाही.

पंधराव्या वर्षी गोदीत. बर्फ, सुरी, कॉडचे काटे.
बोटं संध्याकाळपर्यंत बधिर,
"बरंच की, तारा टोचायच्या नाहीत."
सतराव्या वर्षी कोळ्यांच्या क्लबात पहिल्यांदा,
बिंगोच्या दोन फेऱ्यांमधली वीस मिनिटं.
दुसऱ्याच गाण्याला मागून कुणीतरी ओरडलं,
"ए पोरी, हळू! मला अजून आकडे जुळवायचेत!"
ती हळू वाजवायला लागली.
तो आकडे जुळवायचा थांबला.
हे ती सांगत नाही. तो माणूस सांगायचा,
मरेपर्यंत, प्रत्येकाला, कधी न मागता.

मी आलो तेव्हा आइसलंडनं समुद्र मिटवून घेतला होता.
बोटी भंगारात, माणसं क्लबात,
एकेक ग्लास संध्याकाळभर पुरवत बसलेली.
त्यांच्यासाठी आम्ही दर शुक्रवारी.
कधी पैसे, कधी पोतंभर बटाटे.
लीड्सहून एकदा एक कोटवाला आला होता,
कार्ड देऊन गेला, जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं.
तिनं कात्रीनं त्याचे तीन पिक कापले.
"चांगलं कार्ड होतं," म्हणाली. "दोन वर्षं टिकले."
गेली असती तर?
विचारलं नाही. खांदे काही बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तिचा डावा कान गेला.
ताल चुकायला लागला. दोनदा. मग क्लीथॉर्प्सला,
भर गाण्यात, ती वळली.
लोकांकडं पाठ, तोंड माझ्याकडं,
नजर माझ्या उजव्या पायावर, पेडलवर.
तेव्हापासून असंच वाजवते.
लोकांना वाटतं, म्हातारपणी माज चढलाय.

चाळीस वर्षांनी मी तो चेहरा पाहतोय.
भुवया इतक्या हलतात, कल्पना नव्हती.
कधीतरी संथ गाण्यात ती वाकते,
हनुवटी गिटारच्या काठावर टेकते.
आधी वाटलं, दमली.
मग दिवा पडला आणि दात दिसले.

काल केबली गुंडाळताना म्हणाली,
"तुला कुणी सांगितलं नाही का रे कधी?
वाजवताना जीभ बाहेर काढतोस तू."
कोण सांगणार, म्हटलं.
मागं कोण बघतंय.