बेचाळीसशे मीटर

दर मे महिन्यात मी गुडघे टेकते,
ते काही प्रार्थनेसाठी नाही.
नगरपालिकेचा डबा, रुंद ब्रश,
गुडघ्यांखाली रबराची घडी,
आणि हॅनोव्हरच्या फुटपाथवर
मागच्या साली ओढलेली लाल रेघ,
बुटांनी, सायकलींनी, बर्फावर टाकलेल्या मिठाने
अर्धी खाल्लेली.

या रेघेवरून चालत राहा, असं स्टेशनजवळच्या खिडकीत सांगतात,
म्हणजे शहर चुकायचं नाही.
लोक चालतात. मान वर, तोंड उघडं.
मी यातलं जोत्याच्या वर फारसं काही पाहिलेलं नाही.
मला माहीत आहे ते असं :
ऑपेरासमोरचा दगड गुळगुळीत, रंग धरत नाही, दोनदा फिरवावा लागतो.
बुरुजापाशी कुत्री.
नव्या टाउन हॉलला शंभरी उलटून गेली तरी नवाच म्हणतात,
तिथे सावली दुपारी दोननंतर.
जुन्यात लग्नं लागतात,
नवरानवरीवर उधळलेले तांदूळ ओल्या रंगात चिकटतात.
मी काढत नाही.

एगिडियन चर्चला छप्पर नाही.
ऑक्टोबरमधल्या एका रात्री बॉम्बनी नेलं,
मग कुणी घातलं नाही, मुद्दामच.
आत गवत, वर आभाळ,
खिडक्यांच्या कमानीतून पलीकडची ट्राम.
आई तेव्हा सहा वर्षांची.
पुढे ही रेघ आली, मी ती रंगवायला लागले,
तरी आई तिच्यावरून एकदाही चालली नाही.
म्हणायची, वीबके, मला रेघ कशाला?
काय कुठे होतं ते मला ठाऊक आहे.

काळ्या दगडावरची रेघ, असं म्हणतात.
म्हणणाऱ्याने डबा उचललेला नसतो.

यंदा गॅसवाल्यांनी क्रामर गल्ली खणली.
फरशा उचलल्या, नळ बदलला,
फरशा परत बसवल्या,
हाताला येतील तशा.
आता रेघेचे एकवीस तुकडे :
एक नदीकडे, दोन बेकरीच्या दारात,
काही नुसतेच आडवे,
एक सरळ भिंतीत घुसलेला.
पुस्तिका घेतलेल्या दोन म्हाताऱ्या
तिथल्या तिथे गोल फिरत होत्या,
एकमेकींचा हात धरून, हसत.

देलशाद माझा नवा मदतनीस. सिंजारचा.
जर्मन शिकला तो इमारतींवरच्या पाट्या वाचून,
त्यामुळे त्याला ‘पुनर्बांधणी’ येतं,
‘चमचा’ येत नाही.
म्हटलं, पूस सगळं.
टर्पेंटाइन आणि तारेचा ब्रश घेऊन तो दुपारपर्यंत घासत राहिला.
भिंतीत घुसलेल्या तुकड्यापाशी थांबला.
‘इथे काय आहे?’
पार्किंग, मी म्हटलं.
‘आधी?’

आधी.
भिंत नुकती रंगवलेली, पिवळट.
मी तोंड उघडलं आणि मग मिटलं.
ते सांगणारी गेली, दोन वर्षं झाली,
आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं,
मी आपली खाली बघत होते.

तो तुकडा आम्ही ठेवला.
नकाशात नाही. साहेबांना सांगितलेलं नाही.
कुणी त्याच्यामागून गेलंच तर
नाक भिंतीला लागेल.

शेवटचे दोनशे मीटर संध्याकाळी.
रेघ संपते स्टेशनसमोर, राजाच्या घोड्याच्या शेपटीखाली,
जिथे गावातली सगळी पोरं एकमेकांना भेटायला बोलावतात.
देलशादने पाहिलं : सकाळी निघालो ती खिडकी
समोरच, हाकेच्या अंतरावर.
‘एवढं फिरून इथेच?’
इथेच.
तो हसला नाही. हात पुढे केला.
मी उठले, उजवा गुडघा आधी, मग डावा,
आणि त्याच्या तळव्याचा लाल
माझ्या मनगटाला लागला.
घोड्याकडे मी वर पाहिलं.
पोट चांगलंच मोठं आहे त्याचं.