तिसऱ्या खंडासाठी

प्रकाशकांचा निरोप आला: खंड तिसरा,
दिवाळीच्या आत, आणि या खेपेला
सात तरी नवी भुतं.
किलोवर की नगावर, मी विचारलं.
ते हसले. मी हसले नाही.

जुन्यांना मी बोलवत नाही.
मुंजाला त्याचा पिंपळ आहे,
हडळीला तिची विहीर,
वेताळाला दरसालचा ठरलेला नारळ.
त्यांचं बरं चाललंय.
मला हवंय ते, ज्याच्या नावानं अजून
कुणी तिकाटण्यावर भात ठेवलेला नाही,
जे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज
आपोआप खाली येत नाही.

हे मी उद्यमनगरात शिकले,
दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये.
ते सागवानात पंपाचे पॅटर्न कोरतात,
मग तेच लाकूड वाळूत दाबून
फौंड्रीवाले बीड ओततात.
"फुटाला एक सूत जादा धरायचं," ते म्हणाले,
"बीड निवताना आकसतंय."
भीतीही निवताना आकसते.
लिहून, छापून, बांधून
कुणाच्या उशाशी जाईपर्यंत
बोटभर उरते.
म्हणून मी फुटाला दोन सूत धरते.

पहिलं घडवलं ते चपलेतून.
नव्या कापशीची करकर असते ना,
आपण थांबलो की थांबणारी,
ती याची एक पाऊल उशिरा थांबते.
बास. एवढंच त्याचं अंग.
नाव ठेवलं मागला.

दुसरं बंधाऱ्यावरच्या पट्टीतलं.
पूर ओसरतो, पाणी आपल्या वाटेनं जातं,
हे मात्र त्रेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मधे
अडकून राहतं,
मग भिंतीवरच्या ओल्या रेघेतून
घराघरात शिरतं, माणसांची उंची मोजत.
जो रेघेच्या खाली भरतो
त्याला ते काही करत नाही.
नुसतं नाव विचारतं
आणि लिहून घेतं.

तिसरं फसलं.
गुऱ्हाळातलं होतं, काहिलीतून वर येणारं,
काकवीच्या डोळ्यांचं.
दोन पानं लिहिल्यावर लक्षात आलं,
मला भूक लागली होती.

चौथं, पाचवं सांगत नाही,
ती अजून ओली आहेत.

प्रत्येकाला एक भूक द्यायची,
असा माझा नियम होता.
कुणाला रक्ताची, कुणाला सावलीची,
एकाला तर मी मेलेल्या पैलवानांच्या
लंगोटातल्या लाल मातीची दिली होती.
मिस्त्रींची नात अलमास, वय नऊ,
शेडच्या दारात भुश्श्यावर बसून माझी वही वाचते.
म्हणाली, "भुकेलं असलं तर
त्याला वाढता येतंय की.
जेवलेलं असून
दारातनं उठत नाही,
ते लिही."

मी अकरा पानं फाडली.

सहावं तेच झालं. जेवलेलं.
उंबऱ्यावर बसतं, दात कोरतं,
आत बघत नाही.
घरातली माणसं त्याच्या अंगावरून
पाय उचलून ये-जा करतात,
दूधवाला, लाईट बिलवाला सुद्धा,
आणि महिन्याभरात कुणालाच आठवत नाही
की उंबरा आधी रिकामा होता.

सातव्यासाठी मी शनिवारी फौंड्रीत गेले.
पोरांनी पेटी उघडली,
वाळूतून सागवान अलगद उचललं.
खाली जे राहिलं ते अगदी त्याच मापाचं,
दोन सूत मोठं,
आणि त्यात काहीच नव्हतं.
मिस्त्रींना विचारलं, ह्याला काय म्हणायचं.
त्यांनी नाव सांगितलं नाही.
"हात लावू नको," एवढंच म्हणाले.

रात्री प्रकाशकांना कळवलं:
सहा पाठवतेय. सातव्याचा साचा तयार आहे,
ओतायचं बाकी.
काय ओतणार, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, ते वाचणाऱ्याच्या घरी असतं,
वितळलेलंच.

निघताना एक बघितलं होतं, ते त्यांना कळवलं नाही.
अलमासच्या तर्जनीला
काळी वाळू लागली होती,
आणि ती ते बोट
मुठीत धरून उभी होती,
कुणाचं तरी धरावं तसं.