धूर वाकला तिथं

टिपुगडे बाई पन्हाळ्यावरून उतरल्या
ते दोन्ही पायांनी ब्रेक दाबत.
वाघबिळाला गाडी कडेला लावून फोन :
"शिकलगार, पेडल दगड झालंय."

माझा जन्म गेला उद्यमनगरात, कार्बोरेटर धुण्यात.
रस्त्यापलीकडं इंजिन खोकलं तर
हातातला कप खाली न ठेवता दुखणं सांगायचो.
ही गाडी टोचनवर आली.
बॉनेट उघडलं, तर आत बोलणारं कुणी नाही.
नुसते डबे, आणि नारंगी वायरी.
त्यांना हात लावायचा नाही, काका,
असं सानिकानं माझ्याच गॅरेजात मला बजावलं.

सानिका मगदूम. आयटीआयची, वय वीस.
तिनं लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला, सगळं बरं आहे.
बाईंचा गुडघा बघ, म्हटलं, आणि मग सांग.

आधी अर्धा तास मीच वाया घालवला.
ऑईल बघितलं, चाकं काढली, पॅड घासून बसवले.
सगळं लख्ख. पेडल तसंच.

बाई स्टुलावर बसून सांगत होत्या,
वर लॉजवर रात्रभर चार्जिंगला होती, शंभर टक्के.
सानिका टॉर्च हातात धरून थांबली.
एरवी पाय उचलला की मोटारच गाडी मागं ओढते,
उताराची वीज पोटात घेते.
आज पोट भरलेलं. घास घेईना.
म्हणजे दुखणं आजचं नव्हेच,
किती महिने मोटार त्याच्यावर पांघरूण घालत होती
कुणास ठाऊक.

पेट्रोलच्या गाडीत इंजिन श्वास ओढायचं,
त्या ओढीतनं ब्रेकला चिमूटभर मिळायची,
तेवढ्यावर बाईमाणसाच्या पायाला पैलवानाचं बळ.
हिला श्वास नाही.
म्हणून कोपऱ्यात मुठीएवढा पंप बसवलाय,
डब्यातली हवा उपसायला.

चावी फिरवली. घुर्रर्र.
घुर्रर्र. घुर्रर्र.
"एव्हाना थांबायला पाहिजे," सानिका म्हणाली.
उजवा कान माझा लेथनं खाल्लाय, डावा लावला.
महापुरात उंबऱ्यावरनं पाणी आत येतंय
आणि आपण तांब्यानं बाहेर टाकतोय,
तसा तो पंप.

बाबूजमालला न्यायच्या पुड्यातली एक उदबत्ती पेटवली.
सानिका हसली. हसू दे.
नळीवरनं धूर हळूहळू फिरवत नेला.
पंपापाशी सरळ.
वाकणावर सरळ.
लोखंडी पट्टीखाली गेला
आणि वाकला,
मान घालून आत शिरला, जसं काय घर तिथंच होतं.

चीर नखाएवढी.
मागं कुणीतरी गाडी खोलली, एक क्लिप लावायची राहिली,
नळी पट्टीला घासत राहिली, खड्ड्याखड्ड्याला.
चूक तेवढीच. कोणत्या गॅरेजात, विचारलं नाही.
आपणही विसरलोय कधीतरी.

नवी नळी कापली. व्हॉल्व्ह तोंडाला लावून फुंकला,
एकीकडनं जातं, दुसरीकडनं जात नाही, म्हणजे चांगला.
जिभेवर रबराची चव संध्याकाळपर्यंत राहिली.
क्लिप सानिकानं लावली. दोनदा ओढून बघितली.

चावी बंद. बाईंना म्हटलं, दाबा.
एक, दोन, तीन, चार. पेडल पुन्हा दगड.
बाई माझ्याकडं बघायला लागल्या.
पाय उचलू नका. आता चावी फिरवा.
घुर्रर्र,
आणि पायाखालनं पेडल गेलं खाली,
उन्हात ठेवलेल्या लोण्यावर बोट ठेवावं तसं.
पंप थांबला.
गॅरेजात पहिल्यांदाच इतकं गप्प झालं,
बाजूच्या फौंड्रीतली माणसं जेवायला बसलेली ऐकू आली.

तीनशे साठ झाले. बाईंनी चारशे दिले,
वरचे सानिकाला.

गल्लीच्या तोंडाला ते तांबडं कुत्रं आडवं पडलेलं.
भोंग्याला, टेम्पोला, सायलेन्सर काढलेल्या बुलेटला
उठून भुंकत जाणारं.
या गाडीचा आवाजच नाही, त्याला पत्ता नाही.
मी ओरडायला तोंड उघडलं.
बाईंनी पाय ठेवला असणार, एकच, आणि हलकाच.
चाक त्याच्या शेपटीपासून वीतभर अलीकडं थांबलं.

कुत्र्यानं कान हलवला. माशी असेल.