प्रकरण चौदा

खून होतो तेव्हा मी बहुतेक कॉलर लावत असते.
पांढरा शर्ट, बत्तीस नंबर, जूनच्या आत दोनशे नग.
कानात एकच बोंडी, डावीकडची;
उजवा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा.
मशीन धावली की शब्द बुडतात,
थांबली की वर येतात.
एकोणीस रहस्यकथा ऐकल्या असतील आजवर,
सुरा कोणाच्या हातात होता ते सगळ्यांत माहीत आहे,
सुरा घरात आला कसा, ते शिवणीत गेलं.

मत विचाराल तर
(कोणी विचारत नाही, पण नवतपात
कूलरसमोर बसलेल्या बाईला मतं येतात, घामोळ्यासारखी)
वाचणाऱ्यापासून खुनी लपत नाही.
हा जो खर्जातला बुवा आहे,
तो निरपराध माणसांना घाईनं वाचतो
आणि खुन्याला जरा मायेनं.
तिसऱ्या प्रकरणात माळी म्हणाला, "या ना, ताई,"
तेव्हाच मी मैना निखारेला सांगितलं, हाच.
"काहून वो? इतका गरीब आवाज हाय!"
म्हटलं, म्हणूनच.
अकराव्या प्रकरणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

इतिहास मी सव्वा पटीनं ऐकते.
राजे फार असतात त्यात, आणि दानं.
राणीचं वस्त्र तलम होतं म्हणे.
तलम म्हणजे किती? ऐंशीचं सूत की शंभराचं?
माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा,
त्याच्यापुढे नुसतं तलम म्हणून कोणी सुटलं नसतं.
आणि हे वाचणारे लोक कुठले असतात?
नगरधनला नागर-धन म्हणतात.
जुनापाणी असं तोडून म्हणतात
की वाटावं, परवाचा माठ अजून ओतला नाही.

"हे गूढ आजही काळाच्या उदरात दडलेलं आहे."
एका पुस्तकात अकरा वेळा.
मी खडूनं टेबलावर रेघा मारल्या होत्या.
एवढं ज्याचं पोट, त्याला सदरा शिवायला
कापड किती लागेल, हिशोब करून पाहिला,
मग सोडून दिला.

डिसेंबरात एका रविवारी भाचा हेमराज म्हणाला, चल मामी,
तुझे ते दगड दाखवतो, काटोल नाक्यापुढेच तर आहेत.
प्रकरण चौदा, शिलावर्तुळं, कानात चालू ठेवूनच गेले.
गवत, बोरीची झुडपं, कोणाची तरी बकरी,
आणि काळे दगड, पंगतीला बसल्यासारखे गोल.
पंगत वाढायची राहून गेलेली.
कानात बुवा म्हणाला, "विस्मयकारक."
मी त्याला थांबवलं.

एका दगडावर खळगे होते, ओळीनं.
पर्समधलं अंगुस्तान काढलं, बसवून पाहिलं.
सैल झालं. कुडकुड वाजलं जरासं.
मग बोटं टेकवली,
काजांचं अंतर घेते तशी, अंगठा आणि तर्जनी.
सारखं.
पुढचं सारखं. त्याच्या पुढचंही.
शेवटचा खळगा तेवढा खाली घसरलेला,
अर्ध्या बोटानं.

असं होतं.
हात बसलेला असतो, नजर बसलेली असते,
आणि मागून कोणीतरी हाक मारतं,
पोर रडतं, भात लागतो, पाहुणे येतात.
एवढं मला कळलं, आणि कोणी खोदलं, कशासाठी,
कोण निजलंय त्या गोलात,
ते तुम्ही सव्वा पटीनं सांगा की दीड पटीनं.

हेमराजनं रस्त्यावरून हॉर्न दिला. दोनदा.
"मामी, तर्री संपून जाईन तिकडं!"
आले म्हटलं,
तरी बोट तिथंच होतं.

चौदाव्याची बावीस मिनिटं अजून बाकी आहेत.
सध्या एक विषप्रयोग चालू आहे, लोणावळ्याच्या बंगल्यात,
आणि मला डॉक्टरीणबाईंचा आवाज
पहिल्यापासून जरा जास्तच गोड वाटून राहिला.